मी, मुलाखतीला जाणारा कोट

"हा कोण गृहस्थ आहे कुणास ठाऊक," माझ्या छातीच्या खिशाशी कुणीतरी पुटपुटलं. "म्हणे ध्येयनिष्ठ, गतिमान, संघभावनेने प्रेरित! मला भेटला तर मी याला चहासुद्धा पाजणार नाही."

पुटपुटणारा माझ्या आतच होता. एका कारखान्याच्या जिन्यात उभा राहून तो स्वतःचाच बायोडेटा वाचत होता.

मित्रांनो, मी मुलाखतींना जाणारा कोट. वय विचारू नका, अस्तर बघा. एका शिंप्याने मला मन लावून शिवलं ते माझ्या पहिल्या मालकासाठी; सगळे नातेवाईक त्याला मामा म्हणत. त्याची ती पहिलीच मुलाखत. नोकरी लागली आणि मी शुभ ठरलो. मग नात्यातलं कुणीही नोकरीच्या शोधात निघालं की मामाकडे निरोप यायचा, "कोट मोकळा आहे का?" कुणाला मी ढगळ झालो, कुणाच्या मनगटावर आखूड पडलो, पण नाही म्हणून कधी म्हटलं नाही.

या फिरतीत मला एक नाद लागला. कोणत्या शब्दाने समोरच्या माणसाचं पेन थांबतं आणि कोणत्या शब्दाने चालू लागतं, हे बघायचा. मामाचा एक भाचा म्हणाला, "मी प्रचंड मेहनती आहे." समोरून प्रश्न आला, "उदाहरणार्थ?" माझी बगल भिजली, पेन जागचं हललं नाही. एक पुतण्या मात्र म्हणाला, "गिऱ्हाईक भांडायला आलं की मी आधी त्याला खुर्ची देतो, मग बिल बघतो." पेन काय पळालं म्हणता! असं का होत असेल, याचा मी कपाटात लटकून विचार करत बसे.

पुढे लोक घरबसल्या पडद्यावर मुलाखती देऊ लागले. माझी आठवणच कुणाला राहिली नाही. डांबरगोळ्यांच्या वासात खांद्यांवर धूळ बसली. मित्रांनो, जुन्या कपड्याला अधूनमधून वारा दाखवावा, याहून आमचं मागणं मोठं नसतं.

मला पुन्हा बाहेर काढलं ते मामाच्या बहिणीच्या नवऱ्याने. तो रंगारी, कापडाचे रंग जुळवणारा. त्याने मला खिडकीपाशी नेलं आणि बाही उजेडात उलटी केली.

"याला काळा कोण म्हणतं? गडद निळा आहे हा. वर जांभळ्याची झाक."

माझा रंग आजवर कुणी धड सांगितला नव्हता. मी तर त्याच्यावर फिदाच झालो.

नोकरी त्याला हवीच होती. कारण त्याच्या लेकीने कॉलेज सोडून कामाला लागायची भाषा सुरू केली होती, आणि ती भाषा त्याला सोसवत नव्हती. पण त्या घरात एक गंमत होती. त्याची नोकरी कशी गेली, हे कुणी उच्चारतच नसे. बायको म्हणे, "ते झाल्यापासून." लेक मैत्रिणींना सांगे, "बाबा सध्या ब्रेकवर आहेत." तो शेजाऱ्यांना सांगे, "जरा विश्रांती घेतोय."

बायोडेटा लेकीने बनवला.

"बाबा, 'रंग जुळवायचो' असं नाही चालत. मी 'रंगविषयक गुणवत्तेची सर्वांगीण सुनिश्चिती' लिहिलंय."

"अगं, एवढं म्हणेपर्यंत कापड वाळेल."

"आणि नोकरी का सोडली, असं विचारलं तर?"

आतून बायको म्हणाली, "नव्या संधींच्या शोधात, असं सांगा. आमच्या ऑफिसात सगळे तेच सांगतात."

वाक्य तिघांनाही आवडलं. ते कुणालाच टोचत नव्हतं. मी मात्र चक्रावलो. ज्याला माझी जांभळी झाक दिसते, त्याला स्वतःसाठी असले बेरंगी शब्द कसे चालतात?

कारखान्याचा तो जिना संपला, आम्ही आत गेलो. टेबलामागे रंगखात्याच्या प्रमुख बाई होत्या. त्यांच्या नखांच्या कडांना हिरवा रंग होता. बायोडेटा त्यांनी पुरता वाचला, पण पेन उचललं नाही.

"सुनिश्चिती म्हणजे नेमकं काय करायचात?"

"म्हणजे, गुणवत्तेच्या दृष्टिकोनातून..."

"ते राहू द्या हो. हातांनी काय करायचात?"

त्याने माझ्या बाह्या वर सारल्या. मग म्हणाला, "ओल्या कापडाचा तुकडा घ्यायचो. वाळवायचो. आधी खिडकीत धरायचो, मग दिव्याखाली. दोन्हीकडे नमुन्याशी जुळला, तरच माल पुढे सोडायचो. ओल्या रंगावर विश्वास ठेवू नये, बाई. तो फार गोड बोलतो."

बाई हसल्या. पेन चालू लागलं. मित्रांनो, उद्या तुम्हालाही कुणी असं विचारील, तेव्हा विशेषणं शोधू नका. आपल्या हातांनी काय काय केलं, तेवढं आठवा.

माझ्या आतली धडधड उतरत होती, तोच बाईंनी मान वर केली.

"इतकं काम येतं, तर ती नोकरी सोडलीत का?"

"नव्या..." त्याची छाती फुगली आणि तशीच राहिली. माझ्या शिवणी ताणल्या. लेकीने पाठ करून घेतलेलं वाक्य घशाशी आलं होतं, नुसतं सोडायचं बाकी होतं.

त्याने श्वास सोडला.

"सोडली नाही, बाई. त्यांनी रंग जुळवायचं यंत्र आणलं आणि मला काढून टाकलं. घरी हे अजून कुणीच बोललेलं नाही. मीसुद्धा आज पहिल्यांदाच म्हणतोय. काढून टाकलं मला."