मधल्या खोलीतला टेकू

मित्रांनो, तुम्ही मला कुठे ना कुठे पाहिलं असेल, पण थांबून कधी निरखलं नसेल. मी एक जुना टेकू आहे. घराचा स्लॅब ओतताना फळ्यांच्या खाली लाकडी बल्ल्या उभ्या करतात, त्यांतलाच एक. लोक घराचं दार पाहतात, रंग पाहतात, गच्चीवर जाऊन वारा खातात. तोवर आम्ही दुसऱ्याच कुणाच्या तरी घराखाली उभे असतो. त्याचं मला मुळीच वाईट वाटत नाही. मला वाईट वाटतं ते एका घराचं, आणि ते तुम्हाला नीट कळावं म्हणून मी पहिल्यापासून सांगतो.

मी दांडेलीच्या रानातला साग. मला तोडलं, सोललं आणि ट्रकमध्ये घालून सोलापूरच्या एका वखारीत आणून टाकलं. अंगानं सरळ होतो म्हणून एका सेंट्रिंगवाल्याने, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-बल्ल्या लावून देणाऱ्याने, मला निवडलं. त्याच्याबरोबर मी बार्शीला गेलो, वैरागला गेलो, शहरातल्या तर किती घरांखाली उभा राहिलो ते आता आठवत नाही. ओलं काँक्रीट किती जड असतं ते खाली उभं राहिल्याशिवाय कळत नाही. सुरुवातीला तो नुसता चिखल असतो आणि त्याचा सगळा भार आमच्या डोक्यावर असतो. मग पाणी पीत पीत ते काँक्रीट हळूहळू घट्ट होतं आणि स्वतःचा भार स्वतः पेलायला लागतं. तोपर्यंत त्याचं पाणी तोडायचं नसतं आणि आम्हाला हलवायचं नसतं. घर बांधणाऱ्याने एवढं जरी पाळलं तरी पुष्कळ झालं.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात मी सिद्धलिंगप्पांच्या घरी आलो. अक्कलकोट रस्त्याच्या अंगाला तेव्हा नवी वस्ती होत होती. सिद्धलिंगप्पा बाजारात धान्याचे तोलार होते. बायको गंगम्मा आणि मुलगी अक्कम्मा यांच्यासह ते इतकी वर्षं भाड्याच्या एका खोलीत राहत होते. आता स्वतःचं घर, तेही स्लॅबचं, म्हणून तिघांचेही पाय जमिनीला टेकत नव्हते.

तात्याबा नावाच्या गवंड्याने पाया घेतला होता आणि तो उत्तम घेतला होता. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर भिंत उभी केली की भिंतीलाही भेगा पडतात. तात्याबांनी ती सगळी काळी माती काढून टाकली आणि खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खणलं. "मालक, ह्यो कुणाला दिसायचा न्हाई," ते म्हणाले होते, "पर घर ह्येच्यावरच उभं ऱ्हातंय." त्या घराच्या भिंतीला पुढे कधी एक चीरसुद्धा गेली नाही.

पण वर्ष दुष्काळाचं होतं. विहिरींनी तळ गाठला होता. स्लॅब ओतल्यावर गंगम्मा सकाळ-संध्याकाळ लांबच्या एका मळ्यातून घागरी भरून आणायची, स्लॅबवर गोणपाटं अंथरून ती भिजवायची. गोणपाटं होती म्हणून थोडक्या पाण्यात भागत होतं. एके दिवशी शेजारच्या मथुराबाई पाण्याच्या रांगेतच तिला म्हणाल्या, "आमच्या लेकरांच्या घशाला कोरड पडलीया, आन् ही बाई सिमिटाला पाणी पाजतीया!" गंगम्माने आपली भरलेली घागर उचलली, मथुराबाईंच्या दारातल्या रांजणात नेऊन रिकामी केली आणि त्यानंतर स्लॅबवर थेंबभरही पाणी घातलं नाही. गोणपाटं उन्हात वाळून कडक झाली.

मित्रांनो, गंगम्मा चुकली असं मी म्हणणार नाही. माणूस आधी, सिमेंट मागून. चूक त्याच्या आधीची होती. ज्या वर्षी पाणी नाही त्या वर्षी स्लॅब ओतायचाच नव्हता. भिंती वर्षभर उघड्या राहिल्या तर काही बिघडत नाही. पण हे त्या घाईत कुणाला सुचलं नाही.

पुढे सेंट्रिंगवाल्याला दुसऱ्या कामावर बल्ल्या हव्या होत्या आणि इकडे वास्तुशांतीचा मुहूर्त धरला होता. "अजून थोडं थांबा की," तात्याबा म्हणाले, पण तेही जोर लावून म्हणाले नाहीत. माझे सोबती एकेक करून निघाले. मधल्या खोलीच्या मधोमध मी एकटा उरलो तेव्हा माझ्या डोक्यावर कट्‌ असा आवाज झाला आणि स्लॅबला केसाएवढी भेग पडली. तो आवाज गंगम्माने ऐकला. तिने दोन्ही हातांनी मला धरलं. "ह्येला न्हाई काढायचं," ती म्हणाली. "ह्यो हितंच ऱ्हाऊ दे."

अशी माझी भटकंती संपली आणि मी घरचा झालो. खरं सांगतो, तो काळ सुखाचा होता. अक्कम्मा माझ्या अंगाला टेकून अभ्यास करायची. माझ्या खिळ्याला कंदील, पिशव्या, सिद्धलिंगप्पांचा सदरा अडकलेला असायचा. दसऱ्याला गंगम्मा देव्हाऱ्यातली विभूती आणून माझ्या अंगावर तिचे तीन पट्टे ओढायची. इतकी घरं उचलून धरली, पण इतका मान मला कुणी दिला नव्हता.

तरी मी कायमचा उपाय नव्हतो. दर पावसाळ्यात भेगेतून पाणी झिरपायचं, आतल्या सळया गंजायच्या आणि माझ्या डोक्याभोवती छताला तांबूस डाग पसरायचे. तात्याबा एकदा येऊन स्पष्ट सांगून गेले, "मालक, टेकू म्हंजे दवा न्हवं. ह्यो स्लॅब फोडा, न्हाईतर खाली भिंत घ्या." सिद्धलिंगप्पा म्हणाले, "व्हय व्हय, औंदाचा पावसाळा जाऊ दे." पावसाळे जात राहिले आणि आम्ही सगळेच त्या भेगेला सरावलो.

अक्कम्मा लग्नाला आली. पहिलं स्थळ बार्शीचं. पाहुणे खोलीत शिरले आणि मला पाहून त्यांच्यातला एक जण हसला. "काय ओ, घर लई लवकर म्हातारं झालं की! काठी घेऊन उभं हाय." सगळे हसले. पोह्यांची ताटली हातात घेऊन अक्कम्मा दारातच थबकली होती. तिच्या आईने तिचा चेहरा पाहिला. त्यांचा नकार आला तेव्हा त्याचं कारण काय असावं हे त्या घरात कुणी बोलून दाखवलं नाही, पण मी काही आंधळा नाही. तिघंही माझ्याकडे पाहायचं टाळत होती.

मग अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात वळसंगचे ईश्वरप्पा आपल्या मुलासाठी यायचे ठरले. त्या सकाळी सिद्धलिंगप्पांनी माझ्या पायाखालच्या पाचरी ठोकून काढल्या.

"अवो, ह्येला हात लावू नगा," गंगम्मा म्हणाली.

"एका दिसाचा तर प्रश्न हाय. पाहुणं गेलं की परत लावतो की."

दारात थबकलेली अक्कम्मा गंगम्माला आठवली असणार. तिनेच मग दुसऱ्या बाजूने मला धरलं आणि दोघांनी मिळून मला परसात नेऊन भिंतीला टेकवलं.

पाहुणे आले, जेवले, अक्कम्मा त्यांना पसंत पडली. ईश्वरप्पांनी तिथल्या तिथे शब्द दिला. सिद्धलिंगप्पा आनंदाने त्यांना एस्टीत बसवायला गेले. "येताना पेढं आणतो," ते दारातून म्हणाले. आतून गंगम्माचा आवाज आला, "आधी टेकू लावायला कुणाला तरी घिऊन या." अक्कम्मा परसात माझ्याशेजारी बसून भांडी घासत होती. दुपार होती. गंगम्मा पहाटेपासून राबत होती, म्हणून ती मधल्या खोलीत चटई टाकून जरा आडवी झाली.

आधी तोच आवाज झाला, कट्‌. मी तो ओळखला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त उभं राहता येतं, आणि त्या वेळी मी तिथे उभा नव्हतो. मग सगळं घर हादरलं आणि दारातून धुरळ्याचा लोट बाहेर आला. "अव्वाऽ!" अशी आईला हाक मारत अक्कम्मा आत धावली. मथुराबाई धावत आल्या, सगळी वस्ती धावून आली. लोक हातांनी स्लॅबचे तुकडे उपसत होते, नखं फुटत होती. सिद्धलिंगप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन परतले तेव्हा गंगम्माला बाहेर काढून अंगणात ठेवलं होतं.

ईश्वरप्पांना निरोप गेला. दुसऱ्या दिवशी ते मातीला आले. सगळं झाल्यावर परसात हातपाय धुताना त्यांची नजर माझ्यावर गेली, माझ्या अंगावरच्या विभूतीवर गेली. त्यांनी कुणाला तरी विचारलं आणि खरं काय ते त्यांना कळलं. ते तसेच माझ्याजवळ खाली बसले.

"आमच्यासाठी काढला व्हय ओ ह्यो?" ते सिद्धलिंगप्पांना म्हणाले. "बोलायचं की एका शब्दानं. आमच्या बी सोप्यात दोन टेकू हायत."



ईश्वरप्पांनी दिलेला शब्द पाळला. अक्कम्मा सासरी गेली. सिद्धलिंगप्पा आता त्याच जागेवर पत्र्याच्या छपराखाली एकटे राहतात. छपराला टेकू म्हणून मीच आहे. पत्र्याला वजन ते काय असणार? मला काहीच करावं लागत नाही, आणि तेच मला सहन होत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी बांधकाम निघालं की वडलांना सांगा, मुरूम लागेपर्यंत खणा, पाण्याची सोय झाल्याशिवाय स्लॅब ओतू नका, मुहूर्तासाठी टेकू काढू नका. घरात टेकू लावायची वेळ आलीच तर पुढचा पावसाळा यायच्या आत दुरुस्ती करून घ्या, आणि तोवर त्याला कुणासाठीही हलवू नका. आणि कधी कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेलात, खोलीच्या मधोमध माझ्यासारखा एखादा उभा दिसला, तर हसू नका. त्याच्या शेजारी बसा, पाणी प्या आणि घरच्यांना म्हणा, आमच्याकडेही आहे. नसला तरी म्हणा.