तक्त्यावर नसलेला ठिपका

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. जुना म्हणजे अस्सल पितळेचा, जड, एका हाताने उचलायला जाल तर मनगट धराल असा. ऐकणारं कुणी उरलं नाही की माणूस काय आणि वस्तू काय, जरा जास्तच बडबडते. तेव्हा सांभाळून घ्या.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. अंग लेथवर घडलं, पण नजर दिली ती भिंगं घासणाऱ्या एका खडूस म्हाताऱ्याने. तो दिवसभर एकच काच घासत बसायचा, मध्येच उजेडाला धरायचा, तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा घासायला लागायचा. मुकादम म्हणायचा, "अहो, चकचकीत झाली की आता." म्हातारा म्हणायचा, "चकचकीत तर ताटही असतं." असा बाप लाभला म्हणून माझी नजर चांगली. थोडी जीभही त्याच्यावरच गेली असावी.

पुढे मी एका कॉलेजात नोकरी केली. तिथे माझा काय थाट होता म्हणून सांगू! मला हात लावण्याआधी पोरं हात धुऊन यायची. काम झालं की मऊ कापडाने भिंगं पुसून, वर टोपी घालून मला ठेवलं जायचं. मग कॉलेजात नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी मुलांच्या विज्ञान छंदवर्गात झाली. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक लांबट खोली, खिडकीपाशी माझं टेबल. दर रविवारी सकाळी शाळकरी मुलं यायची, त्यात मिसरूड फुटलेलीही असायची. मला वाटलं होतं, आपली किंमत उतरली. पण कॉलेजातली पोरं गुणांसाठी बघायची आणि ही बघण्यासाठी बघायची. खरं सांगतो, ते दिवस मला फार आवडले.

वर्ग चालवणाऱ्या बाई जवळच्याच एका शाळेतल्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणायचे. ताईंचा एक नियम होता, "आधी काढा, मग बोला." म्हणजे काचपट्टीवर काय आहे ते कुणी सांगायचं नाही. डोळा लावायचा, जे दिसेल ते कागदावर काढायचं आणि मगच त्यावर बोलायचं. नियम सोन्यासारखा. पण ताईंनीच भिंतीवर रंगीत तक्तेही टांगले होते. कांद्याचा पापुद्रा, माशीचा पंख, डबक्याचं पाणी, सगळं सुबक छापलेलं. मुलं काय कमी हुशार असतात? एक डोळा माझ्यावर आणि दुसरा भिंतीवर. त्यातला एक मुलगा तर पाठ केल्यासारखं सगळं बोलायचा, म्हणून त्याला सगळे पोपट म्हणायचे. पोपटाचं चित्र इतकं हुबेहूब तक्त्यासारखं यायचं की मलाच शंका यायची, याने मला डोळा लावला होता की नुसतं कोपर टेकवलं होतं?

एकच मुलगी तक्त्याकडे बघायची नाही. तिला घुमी म्हणायचे, कारण ती बोलायचीच कमी. घुमी बाकावर बसायची, दोन्ही हात मांडीखाली दाबायची आणि कितीतरी वेळ नुसती बघायची. मग हळूहळू काढायची. तिचं चित्र तक्त्यापेक्षा वेडंवाकडं असायचं, पण ते माझं असायचं.

मग एका वर्षी वर्गात मोठ्या पडद्याचं नवं यंत्र आलं. त्याला डोळा लावावा लागत नाही. सगळे एकदम बघतात, बोटं दाखवतात, हसतात. त्याच वर्षी सुट्टीत मला कपाटात कोंबलं. टोपी कुणी घातली नाही. कपाट मोरीच्या भिंतीला टेकलेलं, भिंतीला ओल. वर्ग पुन्हा सुरू झाला आणि मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं, तेव्हा माझ्या वरच्या नळीत, दोन भिंगांच्या मधोमध, बुरशीचा बारीक काळा ठिपका बसला होता. डोळ्यात कुसळ जावं आणि चोळायला हातच नसावा, तशी माझी गत झाली.

नव्या यंत्रापाशी नंबर लागला नाही की मुलं नाइलाजाने माझ्याकडे यायची. ठिपका सगळ्यांना दिसायचा, पण तक्त्यावर ठिपका नव्हता. म्हणून कुणीच तो काढला नाही. घुमीने काढला. कांद्यात काढला, पंखात काढला, डबक्याच्या पाण्यातही काढला.

"अगं, हे काय सगळीकडे?" ताईंनी चित्रं शेजारी शेजारी ठेवून विचारलं.

"दिसलं ते काढलं."

"बाकी कुणाच्याच चित्रात नाही बघ. तुझे डोळे एकदा तपासून घे बाळा." एवढं बोलून ताई पडद्यापाशी पळाल्या, कारण तिथे ढकलाढकली चालली होती. वाकून एकदा माझ्यात बघायला किती वेळ लागला असता? पण नव्याची नवलाई. मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो की बाई, पोरीचा नाही, माझा डोळा तपासा!

पुढच्या रविवारी घुमीचे बाबा आले. ते शिंपी होते. मुलांसाठी पांढरे एप्रन शिवून आणले होते, पण ते ठेवायला टेबल चाचपडत होते. ताईंनी विचारलं तसे म्हणाले, "डोळ्यांनी दगा दिला हो ताई. आधी नुसता एक ठिपका होता. म्हटलं, जाईल आपोआप. आता मधलं सगळंच गेलं, कडेकडेचं तेवढं दिसतं. सुईत दोरा ही पोरच ओवून देते."

घुमी तेव्हा मला डोळा लावून बसली होती. तिचा श्वास माझ्या काचेवर यायचा थांबला. ती हळूच मागे झाली, उजवा डोळा मिटला, डावा लावला. ठिपका तिथेच होता. असणारच, तो माझा होता! घरी दिसत नाही तर इथेच का दिसतो, असं तिने स्वतःला विचारायला हवं होतं. पण पोटात भीती शिरली की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, हे तर लेकरू होतं. तिने पेन्सिल डब्यात ठेवली आणि बाबांचा हात धरून जिना उतरून गेली.

मित्रांनो, त्या क्षणी मला जेवढं एकटं वाटलं तेवढं कपाटातही वाटलं नव्हतं. ती मुलगी घरी जाऊन काय काय मनात आणत असेल, हे मला कळत होतं. ती का चुकते आहे हे साऱ्या जगात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी धातूचा होतो.

घुमी यायची बंद झाली. माझ्या टेबलावर मुलांची दप्तरं साठू लागली. मग एका रविवारी तिचे बाबा एकटेच जिना चढून आले, कठड्याला धरत.

"ताई, ती म्हणते, मला आता विज्ञान आवडत नाही. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर रडते. आणि संध्याकाळभर डोळे मिटून घरात चालायचा सराव करते. विचारलं तर म्हणते, खेळतेय. माझ्याकडून काही चुकलं का हो?"

ताईंनी घुमीची चित्रं बाहेर काढली, ती घेऊन माझ्याकडे आल्या आणि माझ्यावरची दप्तरं बाजूला केली. पोपट तिथेच उभा होता.

"काय रे, तू यात बघायचास तेव्हा तुला काळा ठिपका दिसायचा?"

"हो."

"मग काढला का नाहीस?"

"तक्त्यावर नाहीये ना, ताई. सगळ्यांनाच दिसतो. म्हटलं, काढला तर चूक धराल."

ताईंनी डोळा लावला आणि माझी वरची नळी बोटांनी गोल फिरवली. नळीबरोबर ठिपकाही फिरला. काचपट्टी सरकवली, ठिपका जागचा हलला नाही. एवढीच परीक्षा. पहिल्याच दिवशी कुणालाही करता आली असती. ताईंनी नळी उघडली, भिंगं आतून पुसली आणि भिंतीवरचे सगळे तक्ते एकेक करून उतरवले. मग बाबांना म्हणाल्या, "चला दादा, मी येते घरी तुमच्या. तिची माफी मागायचीय."

घरी काय झालं ते मला ठाऊक नाही. वस्तूंना निरोप कुणी सांगत नाही.

पण घुमी आली. वर्ग सुटल्यावर, खोली रिकामी झाल्यावर आली. तिने काचपट्टी लावलीच नाही. नुसता माझ्या तळाचा आरसा उजेडाकडे वळवला आणि डोळा लावला. आधी उजवा, मग डावा, मग परत उजवा. माझ्याखाली बघण्यासारखं काही नसताना इतका वेळ मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं. नुसतं पांढरं, स्वच्छ, गोल आभाळ. तिचं अंग आधी ताठ होतं, मग सैल पडलं.

"काही नाही," ती स्वतःशीच म्हणाली आणि पुन्हा एकदा म्हणाली, "काही नाही."

मग ती उठली, मला टोपी घातली आणि गेली. ती पुन्हा माझ्याकडे आली नाही. पडद्याच्या यंत्रापाशी बसते, हसते, आता पोपटाशी भांडतेसुद्धा. मी खिडकीतून... नाही, मी टोपीखालून नुसतं ऐकतो. वाईट वाटतं का? वाटतं. खोटं कशाला बोलू?

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेत एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला ओलीत ठेवू नका, त्याची काच अधूनमधून पुसा. आणि त्यात तुम्हाला काही वावगं दिसलं तर गप्प बसू नका. तुमच्या शेजारच्या मुलीलाही तेच दिसत असेल, आणि तिला वाटत असेल की आपल्या एकटीलाच दिसतं.