शब्दाचा मार

राजा बोले, दळ हाले असं म्हणतात. साफ खोटं आहे. राजा बोलला की आधी कारकून हालतात, मग पाट्या रंगवणारे हालतात, आणि दळ हालतं ते सगळ्यात शेवटी, तेही कुणाच्या तरी अंगावर कोसळायला.

जुना संरक्षणमंत्री एका मंगळवारी गेला आणि बुधवारी नवा आला. टेकडीच्या पायथ्याशी सहा तोफांची एक बॅटरी होती, तिथे ही बातमी भिंतीवरच्या फोटोतून पोचली. जुना फोटो उतरवला, नवा चढवला, खिळा तोच.

"फोटो बदलला, आपल्या बापाचं काय जातंय?" तिसऱ्या तोफेचा हवालदार म्हणाला. बावीस वर्षं नोकरी झालेली, त्या खिळ्यावर त्यानं सात मंत्री लटकलेले पाहिले होते. नव्याचे नऊ दिवस, मग हाही झोपेल, असं त्याला वाटलं.

पण हा झोपणाऱ्यांतला निघाला नाही. हा आधी शाळांचं खातं बघायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं तीन सेनापती घरी बसवले. दुसऱ्या आठवड्यात बॅटरीचे जुने कर्नल गेले, कारण तोंडावर 'नाही' म्हणायची त्यांना खोड होती, आणि त्यांच्या जागी नंदीबैल आला. तिसऱ्या आठवड्यात दारूगोळ्याऐवजी हिरव्या पुठ्ठ्याच्या पुस्तिकांचे गठ्ठे उतरले. परक्या शब्दावर आपल्या तोफा उडतात ही लाजेची गोष्ट आहे, असं पहिल्याच पानावर मंत्र्यांनी लिहिलं होतं. एक तारखेपासून सगळे हुकूम आपल्या भाषेत. जुना शब्द ज्याच्या तोंडून निघेल त्याची वर्षाची सुट्टी रद्द.

आता यात वाईट काय? काही नाही! आपली भाषा कुणाला नकोय? हवालदारालाही हवीच होती. त्यानं पुस्तिका हौसेनं चहाबरोबर वाचायला घेतली आणि अकराव्या पानावर चहा तसाच राहिला.

तोफखान्यात 'रिपीट' हा शब्द साधा नसतो. रिपीट म्हणजे आत्ता जिथे गोळा टाकलास तिथेच, तसाच, ताबडतोब आणखी एक टाक. म्हणून वायरलेसवर समोरच्याचं बोलणं ऐकू आलं नाही तरी तोफवाला मेला तरी 'रिपीट' म्हणत नाही, 'से अगेन' म्हणतो. हे भरतीच्या पहिल्या आठवड्यात कानशिलात देऊन शिकवलं जातं. पुस्तिकेत 'रिपीट'च्या जागी छापलं होतं, 'पुन्हा'. आणि 'से अगेन'च्या जागी? 'वक्तव्याची पुनरुक्ती व्हावी.'

"अरे, कुठल्या दीडशहाण्यानं लिहिलंय हे?" हवालदार पुस्तिका घेऊन तडक कॅप्टनच्या तंबूत शिरला. "साहेब, डोक्यावर गोळे पडत असताना कोण म्हणणार, वक्तव्याची पुनरुक्ती व्हावी? 'पुन्हा, पुन्हा सांग' असंच ओरडणार माणूस! आणि इकडे तोफ उडणार!"

कॅप्टन वाईट नव्हता, फक्त त्याला बढती हवी होती. "हवालदार, तुमचं बरोबर आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मंत्र्यांचा पहिला महिना आहे. कर्नलसाहेबांना सांगितलं तर ते म्हणतील, तुम्हाला भाषेचा द्वेष आहे का. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची? मी?"

"मी बांधतो. मला कागद द्या."

"आणि उद्या माझी चौकशी लागली म्हणजे?"

"साहेब, वर माझा धाकटा भाऊ आहे."

कॅप्टनला ते ठाऊक होतं, सगळ्या बॅटरीला ठाऊक होतं. धाकटा टेकडीवरच्या चौकीत टेहळणीला होता. दुर्बिणीतून बघायचं आणि गोळा कुठे हवा ते वायरलेसवर खाली सांगायचं, हे त्याचं काम. त्याला फौजेत यानंच आणलं होतं, हाताला धरून भरतीच्या रांगेत उभं केलं होतं. आई तेव्हापासून थोरल्याशी अर्धंच बोलायची. या पोराचं काही बरंवाईट झालं तर आपल्याला तोंड दाखवायला जागा नाही, हे हवालदार झोपेतही विसरत नसे.

हवालदारानं अर्ज लिहून दिला, पण तो वर गेला नाही. कॅप्टननं तो त्याच्यादेखत मेजाच्या खणात ठेवला.

मग हवालदारानं काय करावं? माणूस शिस्तीचा. शब्द बदलता येत नाही ना, मग निदान त्या शब्दावर आपली तोफ तरी सगळ्यात जलद चालली पाहिजे. वर धाकट्यानं एक जादा गोळा मागितला आणि तो दोन सेकंद उशिरा पोचला, असं होता कामा नये. गोळा भरणारा पैलवान आणि दोरी ओढणारा चिमणा, दोघांना त्यानं उन्हात पिळून काढलं. 'पुन्हा' म्हटलं की पैलवानानं गोळा आत ढकलायचा, तोफेचं मागचं दार बंद, चिमण्यानं दोरी ओढून ती उडवायची. माझ्या हाताकडे बघायचं नाही, माझ्या तोंडाकडे बघायचं नाही, कानात शब्द पडला की हात चालले पाहिजेत. बारा सेकंदांवरून नऊवर आले, नऊवरून सातवर. नवे कर्नल हातात घड्याळ धरून बघून गेले आणि मान डोलावून म्हणाले, "शाब्बास." हवालदाराची छाती फुगली. हो, फुगली. खोटं कशाला बोला?

एक तारखेनंतर नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, पलीकडच्यांनी टेकडीवर हल्ला केला.

आधी त्यांच्या तोफांनी बॅटरीला झोडपलं. पाचव्या तोफेजवळ पडलेल्या गोळ्यानं स्वयंपाक्याचं डोकं उडवलं. चौथ्या तोफेवरचा एक जण स्वतःचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसला आणि 'हा कुणाचा, हा कुणाचा' असं विचारत राहिला. धुरानं डोळे फुटायची वेळ आली होती. मागच्या खड्ड्यात कॅप्टन आणि वायरलेसवाला बसले होते. वर काय चाललंय ते वायरलेसवाल्याच्या कानात येई, आणि त्याच्या तोंडून निघालेला हुकूम प्रत्येक तोफेशेजारच्या भोंग्यातून बाहेर पडे.

"चौकीखालचा खंदक! पलीकडचे खालच्या खंदकात घुसलेत!" भोंगा ओरडला. धाकट्यानं आकडे दिले. सहाही तोफा उडाल्या.

"पुन्हा!" पुस्तिकेतला शब्द, पुस्तिकेतल्या अर्थानं. तिसरी तोफ सगळ्यांच्या आधी गरजली.

"पुन्हा!" परत तेच. चौदा वेळा. पैलवानाच्या तळहाताची सालटं निघाली, रक्तानं गोळे निसटायला लागले, त्यानं हात मातीत घासले आणि भरत राहिला. वर त्या खंदकात माणसांचा चिखल होत होता. त्यांतल्या काहींना धावत बाहेर पडायचं होतं, ते कमरेपर्यंतच बाहेर आले. पलीकडचे असले तरी आईच्या पोटचेच ते. पण त्या घटकेला हवालदाराला कीव आली नाही, उलट आनंद झाला. प्रत्येक गोळ्याला तो मनात म्हणत होता, हा घ्या, माझ्या भावाकडे बघता काय!

मग भोंग्यातून आलं, "थांबा!" तोफा थांबल्या. नियमाप्रमाणे नेम तोच, पुढचा गोळा तोफेच्या दाराशी तयार.

वर काय झालं होतं ते खाली कुणाला कळलं नव्हतं. पलीकडचे पळाले होते. पण चौकीला आग लागली होती, छत खाली आलं होतं. धाकट्यानं वायरलेसवर सांगितलं, "चौकी जळतेय. आम्ही नऊ जण खालच्या खंदकात उतरतोय. तिकडे आता गोळा नको."

इतकं साधं वाक्य. त्यातलं 'चौकी जळतेय' तेवढं खाली पोचलं, बाकीची नुसती खरखर. वायरलेसवाल्यानं कानावर हात दाबला. दोन तासांत त्यानं स्वयंपाक्याचं डोकं पाहिलं होतं, त्याला कुठली आठवायची पुनरुक्ती! भोंग्याचं बटण अंगठ्याखाली दाबलेलंच होतं. तो जिवाच्या आकांतानं ओरडला, "पुन्हा! पुन्हा सांग!"

'पुन्हा' भोंग्यातून आलं तेव्हाच हवालदाराला कळलं. आवाजातच कळलं, हा हुकूम नाही, हा प्रश्न आहे; आणि तोफा थांबवल्या म्हणजे खंदकात आता आपलीच माणसं असतील. त्यानं हात वर केला, तोंड उघडलं. पण पैलवानानं त्याच्या हाताकडे बघितलं नाही, चिमण्यानं तोंडाकडे बघितलं नाही. शिकवलंच होतं तसं. त्याचा आवाज फुटायच्या आत दार बंद झालं, दोरी ओढली गेली. मागून बाकीच्या पाच तोफा उडाल्या, पण पहिला गोळा तिसरीचा होता.

"थांबा! अरे थांबा, रे!" हवालदारानं चिमण्याच्या तोंडावर ठोसा मारला, पैलवानाला लाथ घातली, दोघं आ वासून बघत राहिले. त्यांचं काय चुकलं होतं? वर टेकडीवर काळ्या धुराचे सहा गठ्ठे उठले, ओळीत, अगदी नेमके.

तो धावत सुटला. मागून कॅप्टन ओरडत होता, "हवालदार, जागा सोडू नका!" त्यानं ऐकलं नाही. पाऊण तासाची चढण त्यानं अर्ध्या तासात काढली. गुडघे फुटले, तोंडात रक्ताची चव आली.

खंदकात पाय ठेवायला जागा नव्हती. खाली पलीकडचे, वर आपले. काही ठिकाणी कोण कुणाचं हे बुटांवरून ओळखावं लागत होतं. एक जण बसल्यासारखा दिसत होता, जवळ गेल्यावर कळलं की कमरेखाली काहीच नाही. नऊ जणांतले आठ गेले होते. धाकटा भिंतीला टेकून पडला होता, दोन्ही हातांनी पोट आवळून धरलेलं. बोटांच्या फटीतून आतडं बाहेर आलं होतं.

"दादा?" तो म्हणाला. "तू कसा आलास?"

"आलो. बोलू नकोस. खाली नेतो तुला, डॉक्टर आहे."

"काय नेतोस! बघ की पोट." तो हसायला गेला आणि कळवळला. "दादा, त्यांनी फार बरोबर नेम धरला, बघ. आम्ही उतरतोय न उतरतोय तोच. पहिला गोळा आला तो थेट आमच्यात. बाकीचे त्याच्या मागोमाग. पण तो पहिला... कोण हरामखोर होता, फार सरावाचा."

सांगावं का? मरणाऱ्याला सांगावं का, की तुला मी मारलं? त्यानं धाकट्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"त्यांच्याच तोफा ना, दादा?"

"हो, रे. त्यांच्याच."

"त्या पहिल्या तोफवाल्याला सोडू नकोस." धाकट्यानं त्याची बाही घट्ट पकडली, रक्तानं बाही चिकट झाली. "काहीही झालं तरी सोडू नकोस. शपथ घे."

"घेतली."

"माझी घे."

"तुझी शपथ. सोडणार नाही."

मग तो थोडा वेळ पाणी मागत राहिला. पोटाच्या जखमेला पाणी देत नाहीत, पण हवालदारानं दिलं. आता काय वाचवायचं होतं? दोन घोट आत गेले, तिसरा बाहेर आला. मग धाकट्यानं काही मागितलं नाही.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. पण दांड्याला निदान हात नसतात, कान नसतात, सात सेकंदांची शाबासकी नसते. हवालदारानं भावाला खांद्यावर घेतलं आणि टेकडी उतरला. कुणाला हात लावू दिला नाही.

दुपारी तीनला कॅप्टननं त्याला खड्ड्यात बोलावलं. कोपऱ्यात वायरलेसवाला गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मेजावर टाइप केलेला कागद होता.

"कर्नलसाहेबांचा फोन होता," कॅप्टन खाली बघत म्हणाला. "मंत्री संध्याकाळी भाषण करणार आहेत. नऊ जवान शत्रूच्या तोफेला बळी पडले, असं ठरलंय. सगळ्या हवालदारांच्या सह्या हव्यात. तुमच्या भावाला मोठा मान मिळेल, हवालदार. आईलाही तेच ऐकायला बरं."

हवालदारानं कागद वाचला. शुद्ध भाषेत होता, एकही परका शब्द नव्हता. तो त्यानं बाजूला सारला आणि एक कोरा कागद ओढला. उभ्यानंच लिहायला लागला. 'खालच्या खंदकातल्या नऊ जणांना आमच्याच बॅटरीनं मारलं. पहिला गोळा तिसऱ्या तोफेचा होता. त्या तोफेचा हवालदार मी. मी तिला हात न बघता उडायला शिकवलं.' खाली त्यानं लिहिलं, हा शब्द धोक्याचा आहे असं आपण कधी आणि कुणाला सांगितलं होतं, आणि तो अर्ज कुठल्या खणात आहे.

कॅप्टननं वाकून ते वाचलं. "तुम्हाला वेड लागलंय का? तुम्ही स्वतःच्याच गळ्याला फास लावताय! या वायरलेसवाल्या पोराचाही जीव जाईल, माझाही!"

"मी शपथ घेतलीय, साहेब. त्या तोफवाल्याला सोडायचं नाही. माझ्यापासून सुरुवात करा आणि वर चढत जा. थेट वरपर्यंत."

"उद्या दुसऱ्या बॅटऱ्यांत हे कळलं तर—"

"उद्या दुसऱ्या बॅटऱ्यांत हीच पुस्तिका आहे. त्यांच्याही टेकड्यांवर कुणाचे तरी भाऊ बसलेत."

कॅप्टननं कागद हिसकावला आणि त्याचे चार तुकडे केले.

हवालदारानं दुसरा कागद घेतला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला लागला. कॅप्टननं तोही फाडला. त्यानं तिसरा घेतला. तेव्हा कोपऱ्यातला वायरलेसवाला उठला, डोळे पुसले, मेजाजवळ आला आणि त्यानंही एक कागद ओढला.