सात फुटांपर्यंत

मेहुण्याचा फायदा आधी मोजू. गोदामाच्या बारा खांबांना आणि वरच्या तुळयांना आगरोधक रंगाचे चार हात द्यायचे होते. खाली त्याने चारही दिले. हात पोचत नाही तिथून वर एकच. तीन हातांचा रंग वाचला, परांची आठ दिवस आधी सुटली, पुढचं काम आठ दिवस आधी हाती आलं. पकडलं जायची भीती म्हणाल तर नावाला. तपासायला येणारा माणूस सख्ख्या बहिणीचा नवरा होता, आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्याला घेरी येते, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. बायकोला होतं. तिने ते एकदा जेवताना भावाला सांगून टाकलं होतं, "अरे, बल्ब बदलायलासुद्धा मलाच स्टुलावर चढवतात हे!" तिघंही पोट धरधरून हसले होते.

हा रंग दिसायला साधा पांढरा, अगदी गरीब. पण आगीची धग लागली की उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगतो, बोटभर जाड काळा स्पंज होतो आणि आतल्या पोलादाला लवकर तापू देत नाही. पोलाद जळत नाही, नरमतं. नरमलं की छप्पर घेऊन खाली येतं. ते तासभर लांबवायचं, तेवढ्यात माणसांनी बाहेर पडायचं, एवढंच या रंगाचं काम. पण थर जाडीला पुरता हवा. पातळ थर फुगून फुगणार किती?

तपासणीच्या दिवशी भावोजींनी खांबाला थराची जाडी मोजायचा मीटर टेकवला. कमरेशी, छातीशी, मग हात उंचावून. आकडे हवे त्याहून जास्तच.

"वा! बरीच माया केलीस की खांबांवर."

"घरचं काम, भावोजी. हात आखडता कसा घेऊ?"

भावोजींनी मान वर केली. तुळया पंधरा फुटांवर होत्या.

"वरही असंच ना?"

"चढून बघा की." मेहुण्याने शिडी लावून धरलीसुद्धा. क्षणभर थांबून म्हणाला, "नाहीतर राहू द्या, कपडे खराब होतील. माझ्यावर विश्वास नाही का?"

मानलं पाहिजे. अशी शिडी धरायला डोकं लागतं.

भावोजींनी वरचे आकडे खाली उभ्याउभ्याच लिहिले. थोडे कमीजास्त करून, कारण सगळे सारखे लिहिले की खोटे वाटतात. मग सही केली.

चौदा महिन्यांनी, भर दुपारी, खोक्यांच्या थप्पीला आग लागली. माणसं बाहेर पडत होती, तेवढ्यात, विसाव्या मिनिटालाच, तुळई वाकली आणि छपराचा पत्रा पॅकिंगमधल्या एका बाईच्या पायावर आला.

दुसऱ्या दिवशी भावोजी त्या राखेत उभे होते. समोरच्या तीन खांबांवर खालून जाड, फुगीर, काळा स्पंज. मग पट्टीने आखल्यासारखी रेघ. वर करपलेलं, जवळजवळ उघडं पोलाद. त्यांनी नकळत हात उंच केला. बोटं नेमकी रेघेवर टेकली. शिंप्याने घ्यावं तसं मेहुण्याने त्यांचं माप घेतलं होतं.

चौकशीत मेहुणा जराही अडखळला नाही. "साहेबांनी स्वतः मोजलंय. वरचे आकडे त्यांच्याच अक्षरात आहेत. थर कमी असता तर त्यांनी सही केली असती का?"

भावोजी नव्हे. साहेब.

चढलो होतो म्हणायचं, तर मोजण्यात चुकलो. नव्हतो म्हणायचं, तर आकडे खोटे. ते म्हणाले, "मी चढलो नव्हतो."

घरी त्यांनी बायकोला एवढंच विचारलं, "तू सांगितलं होतंस ना त्याला?"

"गंमत म्हणून हो! घरातलाच होता ना तो."

तिने भावाला फोन लावला. पलीकडून शांत उत्तर आलं, "ताई, मी तर शिडी धरून उभा होतो. चढायचं त्यांनी होतं."

तर आता कुणाला काय पडलं ते बघू. मेहुण्याचं काम सहा महिने बंद राहिलं. सातव्या महिन्यात त्याच्या बायकोच्या नावाने सुरू झालं. भावोजींचा सहीचा अधिकार गेला. ते आता इतरांनी मोजलेले आकडे फायलीत लावतात. ताईने माहेरी जाणं सोडलं, आणि भावोजींच्या घरात जेवताना आता कुणी बोलत नाही. पॅकिंगमधल्या बाईचा डावा पाय गुडघ्याखालून काढावा लागला.