भरतीची वेळ सांगणारा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला रंग नाही, वजन नाही. पेणच्या महिपती मास्तरांनी बावीस वर्षांपूर्वी मला सी भाषेत लिहिले आणि इंटरनेटवर मोकळे ठेवले. कोणीही वाचावे, वापरावे, सुधारावे.

खाडीची भरती कधी चढेल, एवढेच मी सांगे. मग गावकरी बांधाची झडप वेळेत लावत आणि खारे पाणी भातात शिरत नसे. दिवसभर माझ्या आत पाणी चढे, उतरे. ओलावा मात्र मला कधी कळला नाही.

एकदा मिठागरातल्या गिरजाबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमचं मशीन चुकतंय. पश्चिमेचा वारा सुटला की पानी अर्धा तास आधीच येतं."

मास्तरांनी चार भरत्या काठावर बसून पाहिल्या आणि माझ्यात अकरा ओळी घातल्या. त्या कशासाठी, हे लिहायचे राहून गेले. पुढे मास्तर वारले. रोह्याची नम्रता आणि पेणचा जितेश माझी डागडुजी करू लागले.

गेल्या वर्षी ऐन उधाणात मी मध्येच बंद पडलो. बांधाशेजारच्या हौसाबाईंच्या शेतात खारे पाणी घुसले.

"सीमध्ये मेमरीची चूक कुठे दडते, कळत नाय," नम्रता म्हणाली. "रस्ट भाषा तशी चूक करूच देत नाय. सगळा नव्याने लिहू."

"बावीस वर्षं लोकांनी चुका काढल्यात यातल्या. त्याच परत करायच्या?" जितेश म्हणाला.

"मग हौसाबाईंना काय सांगू?"

"लिही मग," जितेश म्हणाला. मी स्वप्नात ऐकावे तसे ऐकत होतो.

नम्रताने नवा प्रोग्राम लिहिला. अकरा ओळींचा अर्थ लागेना, म्हणून वगळल्या. जितेशच्या हट्टाखातर आम्हा दोघांना महिनाभर शेजारी चालवले. एके दुपारी वारा सुटला. मी सांगितले, तीन चाळीस. नवा म्हणाला, चार दहा. नम्रता एसटीने खाडीवर पोचली. तीन चाळीसला पाणी झडपेला लागले.

"वाऱ्याला इचारलं नाय व्हय गो?" गिरजाबाई हसल्या आणि मास्तरांना सांगितलेली वाऱ्याची गोष्ट तिलाही सांगितली.

त्या संध्याकाळी नम्रताने त्या ओळी नव्या भाषेत उतरवल्या आणि वर लिहिले: 'हे गिरजाबाईंनी सांगितले.'

आता वेळ नवाच सांगतो. तो अजून एकदाही बंद पडलेला नाही. मला त्याचा हेवा वाटत नाही. मित्रांनो, नवे जरूर लिहा. फक्त जुने पुसण्याआधी त्याला एकदा विचारा, "हे तू कोणाकडून शिकलास?"