चक्की धुवायची कॉफी

“काका, तुमच्या दुकानातली सगळ्यात वाईट कॉफी कोणती?”

मित्रांनो, मला कान नाहीत, एकच दांडा आहे. पण भर दुकानात, पाच गिऱ्हाइकांसमोर विचारलेला हा प्रश्न ऐकून तोसुद्धा टवकारला असता, जर फिरायची सवय राहिली असती तर.

मी एक जुनी हातचक्की आहे, कॉफी दळायची. लाकडी पेटी, वर पितळी वाटी, आत पोलादी दाते आणि खाली आगपेटीएवढा खण. वाटीत बिया टाकायच्या, दांडा फिरवायचा, खणात पूड पडते. इतकं सरळ माझं आयुष्य, किंवा असायला हवं होतं. ज्या कारागिराने माझे दाते कातले त्याने अंगठ्याच्या नखावर त्यांची धार तपासली आणि म्हणाला, “ही पन्नास वर्षं जाईल.” पहिल्याच दिवशी इतकं कौतुक झालं की मी जरा शेफारलेच.

पुढची वीस वर्षं मी याच दुकानात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फिरत होते. लोक रांगेत उभे राहायचे ते कॉफीसाठी, पण खरं सांगायचं तर माझ्या खणातून येणारा वास फुकट मिळायचा म्हणून. मग विजेची चक्की आली. तिने घुर्र करून एका दमात किलोभर बिया फस्त केल्या आणि मला दर्शनी काचेत नेऊन ठेवण्यात आलं. माझ्या पितळी वाटीत प्लास्टिकची फुलं खोचली. नऊ वर्षं, मित्रांनो. रस्त्यावरून जाणारे लोक काचेशी थांबायचे आणि माझ्याकडे न बघता स्वतःचे केस नीट करून पुढे जायचे.

तर तो प्रश्न. विचारणारी मुलगी शाळेच्या गणवेशात होती आणि तिच्यामागे दोन मैत्रिणी एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. वर्गात तिला म्यूट म्हणायचे, कारण हजेरीला ‘हजर’ म्हणायचीसुद्धा ती इतक्या हळू की दोनदा गैरहजेरी लागली. पण गेल्या महिन्यात एका भांडणात तिने पहिल्यांदा आवाज चढवला आणि तिचा तिलाच तो फार आवडला. तेव्हापासून मैत्रिणी रोज नवी पैज लावत होत्या. आजची ही.

दुकानदार रागावेल म्हणून मैत्रिणी पळायच्या तयारीत होत्या. तो रागावला नाही. त्याने पायाजवळचा एक डबा उचलून काउंटरवर ठेवला.

“ही. जुनी, सुकून खडखडीत झालेली, काही करपलेली, काही जमिनीवर सांडलेली. विकत नाही मी. चक्क्या धुवायला वापरतो.”

“कॉफीने चक्की धुतात?”

“मग काय पाण्याने? गंजेल ना. बियांचं तेल दात्यांना बसतं आणि कुबट वास मारायला लागतं. या बिया दळल्या की तेल निघून येतं. ती पूड फेकून द्यायची. बरं, आता चांगली कॉफी हवीय की पैज जिंकून घरी जाणार?”

मुलगी लाल झाली, पण जागची हलली नाही. “हवीय. बाबांसाठी. पन्नास वर्षांचे होतायत परवा.”

“कशी पितात?”

“काळी, बिनसाखरेची. आणि पिण्याआधी कप नाकाशी धरून डोळे मिटून बसतात. आई म्हणते, पिताय की प्रार्थना करताय. त्यांचं नाक फार भारी आहे. गॅसवाले आहेत ना ते, गळतीच्या तक्रारी बघतात. जिन्यात उभं राहून सांगतात कितव्या मजल्यावर गळतंय. ऑफिसात त्यांना नावाने कोणी हाकच मारत नाही, नाक म्हणतात.”

“मग त्यांना वासाची कॉफी द्यायला हवी,” दुकानदार म्हणाला आणि एकेक डबा उघडू लागला. चौथ्या डब्यानंतर मुलीला सगळे वास सारखेच यायला लागले तेव्हा त्याने सांगितलं, “मध्ये मध्ये स्वतःच्या बाहीचा वास घे. नाक ताळ्यावर येतं.”

“म्यूट, बाही धुतलेली आहे ना तुझी?” मागून मैत्रिणीने विचारलं.

सातव्या डब्यापाशी मुलगी थांबली. दुकानदाराने त्या बियांचं पाकीट भरलं, सील केलं आणि त्यावर चिठ्ठी चिकटवली: संत्र्याची साल, मध, पांढरी फुलं.

“हे सगळं घातलंय यात?”

“घातलेलं काही नाही. बियांतच असतं. ज्याला नाक आहे त्याला सापडतं. दळायची मात्र घरी, अगदी प्यायच्या आधी. चक्की आहे?”

चक्की नव्हती. मुलीने इकडेतिकडे पाहिलं आणि तिचं बोट माझ्याकडे वळलं. “फुलं काढून ती चक्की द्या.”

नऊ वर्षांनी काचेबाहेर. माझा आनंद काय सांगू तुम्हाला.

दुकानदाराने धुवायच्या बियांची एक पुडीही सोबत दिली. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी मुलीने त्या माझ्यात टाकल्या आणि जोर लावून फिरवलं. माझ्या दात्यांत अडकलेलं सगळं जुनं तेल त्या दळलेल्या पुडीत उतरलं. ओल्या पुठ्ठ्यात जळकी दोरी गुंडाळावी तसा वास खणात भरला. ती खण रिकामा करणार एवढ्यात खाली बाबांची स्कूटर वाजली. आईने “लपव, लपव” म्हणत मला डब्यांमागे सारलं. पूड खणातच राहिली.

सकाळी मुलीने मला आणि सीलबंद पाकिटाला जेवणाच्या टेबलावर मांडलं, बाबांना आणून दाखवलं आणि बजावलं, “आंघोळ करून येते, मग मी करून देते. हात लावायचा नाही.”

बाबांना राहवलं नाही. त्यांनी माझा खण ओढला. आत पूड दिसली. “अरे वा, दळूनपण ठेवलीय,” असं पुटपुटत त्यांनी पाणी उकळलं, कागदी गाळणीत सगळी पूड ओतली आणि कॉफी केली. मला वाटलं, आता नाक मुरडतील, आता फेकतील. त्यांनी कप नाकाशी धरला. डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. मग डोळे उघडून पाकिटावरची चिठ्ठी वाचली, ओठ हलवत, परीक्षेआधी पाठ करावं तशी.

मुलगी ओल्या केसांनी धावत आली. “केलीतच ना शेवटी.”

“काय आणलंयस बाळा. पहिल्यांदा संत्र्याची साल. मग मध. आणि मागाहून फुलं येतात बघ, पांढरी.”

तिचा चेहरा असा फुलला की मला बघवेना. मग तिला वास आला. तिने कप बघितला, माझा उघडा खण बघितला आणि पाकीट हातात घेतलं. सील जसंच्या तसं होतं.

“बाबा, ही चक्की धुवायची कॉफी आहे. फेकायची होती.”

“सर्दी आहे त्यांना, आठवडाभर नाक बंद आहे,” आई म्हणाली.

“अगं, तुला बरं वाटावं म्हणून म्हटलं मी,” बाबा म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. मित्रांनो, माझा सगळा जन्म दात्यांवर गेलाय. दोन दाते एकमेकांत बसत नसतील तर ते मला ताबडतोब कळतं. मुलीलाही कळलं असावं, कारण ती नेहमीसारखी हसली नाही.

त्याच दुपारी आईने मला आणि पाकिटाला स्वयंपाकघरातल्या सर्वांत वरच्या कपाटात ठेवून दिलं. शेजारी फुटका थर्मास, मिक्सरचं बिनकामाचं झाकण आणि काळोख. काचेत असताना निदान रस्ता दिसायचा. इथे फक्त ऐकू यायचं, आणि जे ऐकू आलं ते ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

मुलगी शाळेत असताना बाबा एकदा लवकर घरी आले. खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“काल गळतीच्या तक्रारीवर तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींकडे गेलो होतो. गळती शोधायच्या यंत्राची बॅटरी संपलेली. रेग्युलेटरला साबणाचा फेस लावून बघितला, बुडबुडे नाहीत. सांगितलं, सगळं ठीक आहे.”

“मग?” आईचा आवाज.

“आज दुसरा माणूस गेला. ओट्यामागे पाइपला चीर होती. घरभर वास होता म्हणे, दारातच कळला त्याला. मी तिथे वीस मिनिटं उभा होतो. त्यांनी शेगडी पेटवली असती तर?”

“साहेबांना सांगून टाका.”

“काय सांगू? उन्हाळ्यातल्या तापात नाक गेलं म्हणून? तिथे माझं दुसरं काय आहे?”

“मग निदान पोरीला कळू देऊ नका. किती हौसेने आणलं होतं तिने.”

मी वरच्या फळीवर, ते खालच्या खुर्चीत. मला दार आतून उघडता येत नव्हतं आणि त्यांना तोंड. दिवसामागून दिवस ते सकाळी हत्यारांची पिशवी उचलायचे, दाराशी थांबायचे, आई विचारायची, “बॅटरी घेतलीत?”, ते म्हणायचे, “दोन घेतल्यात.” आणि जायचे. संध्याकाळी स्कूटर वाजेपर्यंत आई कशातच लक्ष घालू शकायची नाही. एका संध्याकाळी तर एकच डबा दोनदा पुसला तिने. मला आवाजावरून कळतं.

तीन आठवड्यांनी, एका सुट्टीच्या दिवशी, कपाटाचं दार उघडलं. मुलगी स्टुलावर उभी होती. बाबा खाली स्कूटर पुसत होते. तिने मला खाली घेतलं, पाकिटाचं सील फाडलं आणि बिया माझ्यात ओतल्या. दांडा फिरवताना तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. इतक्या वर्षांत माझ्या खणात पडलेली ही सर्वांत सुंदर पूड होती. अगदी ताजी नव्हती आता, तरीही.

बाबा वर आले आणि ओट्याकडे पाठ करून वर्तमानपत्र घेऊन बसले. मुलीने गाळणीतल्या पुडीवर थोडंसं उकळतं पाणी ओतलं. पूड फुगली. संत्र्याची साल, मध आणि ती फुलं, सगळी एकदम उठली. दारात आई ओले कपडे हातावर घेऊन उभी होती, ती जागीच थांबली. मुलगी गाळणीसकट भांडं घेऊन बाबांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. वाफ त्यांच्या कानावरून जात होती.

बाबांनी पान उलटलं.

“बाबा, कसला वास येतोय?”

ते थबकले. मान न वळवता त्यांनी अंदाज घेतला, आंधळ्याने पायरी चाचपावी तसा.

“टोस्ट जळतोय का?”

बाबांनी मागे वळून बघितलं. भांडं बघितलं, मुलीचा चेहरा बघितला आणि वर्तमानपत्राची नीट घडी घातली.

“सर्दी नव्हती ना ती?” मुलीने विचारलं.

“नाही.”

“अहो, तिला कशाला,” आई पुढे आली.

“राहू दे. कोणाला तरी सांगू दे मला.” आणि त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यातला ताप, दिव्यांच्या दुकानातून गुपचूप आणलेल्या बॅटऱ्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, सगळं. आजींपाशी आल्यावर त्यांचा आवाज माझ्यासारखा खरखरला. मुलीने त्यांच्यासमोर कप ठेवला. त्यांनी तो नाकाशी नेला नाही. सरळ एक घोट घेतला. “आंबट आहे जरा. मागून गोड,” ते म्हणाले. “एवढंच येतं मला आता.” चिठ्ठीवरचं त्यांनी काही वाचलं नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कुठलीही चक्की फिरता फिरता अडली तर दांड्यावर जोर लावू नका, आणि नाद सोडून कपाटातही ठेवू नका. जोराने दाते मोडतात, कपाटात गंजतात. पेच सोडवा, उघडा, आत काय अडकलंय ते उजेडात बघा. बहुतेक वेळा खडा लहानच असतो. पण उघडायला कोणीतरी पुढे यावं लागतं, चक्की आपण होऊन उघडत नाही. मला तरी आजवर जमलेलं नाही.

मुलीने माझा खण कोरड्या फडक्याने पुसला, मला टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि आईबाबांच्या समोरची खुर्ची ओढून बसली. वर्गातल्या हजेरीचा तो आवाज नव्हता.

“ऐका, मी ठरवलंय. उद्या मी शाळेत जाणार नाही. बाबांबरोबर ऑफिसात जाणार आहे. साहेबांच्या खोलीत दोघं एकत्र जाऊ. बाबा सांगतील. त्यांना नाही जमलं तर मी सांगेन. तोवर ही हत्यारांची पिशवी माझ्या खोलीत राहील. आई, उद्या आठ वाजता तूही तयार राहा.”