भैय्यालालचा लोखंडी बैल

मी एक जुनं डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. वैनगंगेच्या काठी, पळसाच्या झाडाखाली, विटांवर टेकवून ठेवलेलं. माझ्या धुराड्यात मुंग्यांनी संसार थाटलाय आणि भैय्यालालच्या सुंदरबाईची कोंबडी मला आपलं सिंहासन समजते. हसा, हसा. पण माझा आवाज नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जायचा, आणि लोक 'आला चांद्या' म्हणत पिशव्या उचलून घाटाकडे निघायचे, असेही दिवस होते. इंजिनाला बैलाचं नाव कसं पडलं, आणि ज्या मायेनं ते नाव दिलं त्याच मायेनं माझा घात कसा केला, ते आज सांगून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं, घासूनपुसून वर हिरवा रंग फासला, झालो तयार. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला त्या साली मी मधुकररावांच्या शेतावर आलो. नदीचं पाणी उचलायचं आणि धानाच्या बांधीत सोडायचं, हे माझं काम. पाऊस दडी मारून बसला की मधुकरराव माझ्याकडे जावयाकडे बघावं तसं बघायचे. त्यांच्या कुंताबाई तर दसऱ्याला मला आपट्याचं पान वाहायच्या. खोटं कशाला बोलू, मी चांगलाच चढून गेलो होतो.

मग धरण झालं. ज्या नदीला मी हिसके देऊन बांधावर आणायचो, ती आता न बोलावता बांधावर चढली आणि तिथंच राहिली. शेत गेलं, आंब्याची झाडं उभ्या उभ्या पाण्यात मेली. मधुकरराव नव्या वसाहतीत राहायला गेले. जाताना त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला आणि मला मासे धरणाऱ्या, नाव चालवणाऱ्या भैय्यालाल ढिवराच्या हवाली केलं. पाणीच पाणी झालेल्या जागी पाणी उचलणाऱ्याची गरज ती काय?

भैय्यालालनं मला नावेत बसवलं. आमच्या गावाचा जुना रस्ता धरणात बुडाला होता, आणि दुसऱ्या रस्त्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पावसाळ्यात पाण्याखाली जायचा. तेव्हा पैलतीरावरचा बाजार, बँक, दवाखाना, सगळं भैय्यालालच्या नावेवर. आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. मी चाललो की तापतो. मला गार ठेवायला एक छोटा पंप नदीचं पाणी उचलायचा, ते एका रबरी पाइपातून माझ्या अंगात यायचं आणि तापून दुसऱ्या बाजूनं परत नदीत पडायचं. तो पाइप म्हणजे माझा घोट. घोट थांबला की मी आतल्या आत भाजून जाम होणार.

भैय्यालालला जमीन नव्हती, म्हणून बैलही नव्हता. पोळ्याला सारं गाव तोरणाखाली बैल घेऊन उभं राहायचं आणि हा बिचारा हात मागं बांधून कडेला. त्याचा बापही तसाच उभा राहिलेला. मी आलो त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तो पळसाची पानं, हळद आणि वाटीत कोमट तूप घेऊन नावेत उतरला. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून सुजलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. भैय्यालालनं माझा खांदा शोधला. सगळ्यात जास्त थरथरतो तो खांदा, असा त्यानं हिशेब केला. आणि थरथरायचा कोण? तो रबरी पाइप. त्याच्यावर त्यानं तूप चोळलं, अगदी निगुतीनं, आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "चांद्या, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला कोणी जेवायला बोलवेल असं कधी वाटलं नव्हतं, मित्रांनो. मी कारखान्यातला, मला आई ना बाप. त्या रात्री लोखंडालाही कढ येतो हे मला कळलं.

दरवर्षी हेच व्हायचं. खांदा शेकायचा, नाक नाही म्हणून नवी सुती वेसण गळ्यात बांधायची, आणि पोळ्याच्या दिवशी मला अजिबात चालवायचं नाही. बैलाला त्या दिवशी जुंपत नाहीत, मग चांद्याला कसं जुंपायचं? लोक चेष्टा करायचे, भैय्यालाल ऐकून घ्यायचा. पण रबराला तूप म्हणजे लाकडाला वाळवी. दरवर्षी पाइप थोडा फुगत गेला, मऊ पडत गेला. मला ते जाणवत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. आणि खरं सांगू का, तोंड असतं तरी त्या हाताला 'नको' म्हणवलं नसतं.

मग एका वर्षी पोळ्याला सकाळपासून आभाळ भरलं होतं. मी शेंदूर लावून, वेसण बांधून, ऐटीत बसलो होतो. एवढ्यात घाटावरून माणसं पळत आली. पुढं हिरालाल, त्याच्या खांद्यावर त्याची बायको विमलाबाई, मागं त्यांची मुलगी हर्षा. हर्षा गावच्या बुद्धविहारात पोरांची शिकवणी घ्यायची, माझ्या नावेतून कॉलेजला जायची. विमलाबाई बैलांसाठी हिरवं गवत कापायला बांधावर गेली होती, तिथं हाताला साप डसला. कोणी म्हणालं, मांत्रिकाला बोलवा. हिरालालनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पैलतीरावर दवाखान्याची गाडी येतेय, एवढंच तो भैय्यालालला म्हणाला. रपटा पाण्याखाली होता. नावेशिवाय वाट नव्हती.

भैय्यालालनं एकदा माझ्याकडे बघितलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"आज तुले जुपाचं नोहोतं, चांद्या. पन बाई हातची जाऊन राहिली."

त्यानं हँडल मारलं आणि मी एका झटक्यात सुरू झालो. सणाचा दिवस गेला चुलीत!

विमलाबाई नावेच्या तळाशी लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डसलेला हात हलू नये म्हणून हर्षानं तो फळकुटाला बांधला होता. आधी बाई बोलत होती, बैलांना वैरण टाका म्हणत होती. अर्ध्या पाण्यात आलो तेव्हा तिच्या पापण्या मिटायला लागल्या. हर्षा तिला हाका मारत होती, आणि दरवेळी 'हं' यायला जरा जास्त वेळ लागत होता.

आणि तिथंच माझा पाइप फुटला.

आवाज काही मोठा झाला नाही. जुनं कापड फाटावं तेवढाच. पण माझ्या अंगात यायचं पाणी नावेत उडायला लागलं. भैय्यालालचं लक्ष पैलतीरावर. नावेत थोडं पाणी असतंच, ढिवराला त्याचं काय? मी तापत चाललो. जळक्या तेलाचा वास सुटला. थांबव रे मला, नाहीतर मी कायमचा थांबेन, असं मी ओरडत होतो, पण माझं ओरडणं म्हणजे तीच फटफट, ती कोणाला कळणार? विमलाबाईची पाठ भिजली तेव्हा हर्षानं खाली बघितलं आणि भैय्यालालला हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नि मला बंद केलं.

मित्रांनो, त्या शांततेसारखी भयंकर गोष्ट मी दुसरी ऐकली नाही. वारा आम्हाला बुडालेल्या आंब्यांच्या खोडांकडे ढकलत होता. हिरालालनं वल्हं घेतलं, पण भरल्या पुरात एका वल्ह्यानं काय होणार? नाव जागच्या जागी फिरायला लागली. तो मारत राहिला, दात-ओठ खात.

भैय्यालालनं डोक्याचा दुपट्टा सोडून पाइपाला गच्च गुंडाळला आणि मला सुरू केलं. दुपट्टा सुळकन घसरला, पाणी पुन्हा नावेत. परत बंद. त्यानं परत आवळला, परत घसरला. पाइप कापून जोडावा तर दुसरा तुकडा नव्हता. त्यानं बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली, आणि तो एकदम खाली बसला. कालचंच तूप होतं ते. त्याच्याच हातचं.

"माह्याच हातानं सडवला," तो म्हणाला. "खांदा समजून, वर्षानुवर्षं, माह्याच हातानं."

हर्षानं आईचं डोकं हलकेच खाली टेकवलं. ती त्याच्यावर चिडली नाही, रडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "भैय्याकाका, वाम मासा हातातून निसटते तवा तुमी काय करता?"

भैय्यालाल ताडकन उठला. मग नावेच्या टोकाला झेपावला. तिथं त्याच्या बायकोनं, सुंदरबाईनं, ठेवलेला राखेचा डबा होता. वाम, मरळ असे बुळबुळीत मासे धरायचे तर ढिवर हाताला राख चोळतात, मग मासा निसटत नाही. जन्मभर तो हेच करत आला होता, पण भीतीनं माणसाचं हातातलं शहाणपण जातं. त्यानं पाइपावर मूठ मूठ राख चोळली. तूप राखेनं प्यायलं, पाइप खरखरीत झाला. हर्षानं आपली ओढणी फाडून पट्टी दिली. वरून बांधायला दोर हवा होता. भैय्यालालनं माझ्या गळ्यातली नवी वेसण सोडली आणि पट्टीवर वेढ्यावर वेढे देत आवळली.

मी सुरू झालो. पट्टी भिजली, थेंब गळायला लागले, पण ती जागची हलली नाही. पोटात पाणी आलं. अर्धाच घोट, पण आला. तापलेल्या अंगावर गार पाणी पडलं तशी आत कुठंतरी बारीक चीर गेल्याचं मला कळलं. माझे दिवस आता भरले, हे मी तेव्हाच ओळखलं. भैय्यालाल एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं ती गाठ दाबून बसला होता. हात भाजत होता, पण त्यानं काढला नाही. हर्षा आईला हाका मारत होती. आता 'हं' येत नव्हतं. छाती हलत होती, तीही जेमतेम.

पैलतीराला नाव घासली. गाडी उभी होती. हिरालाल नि भैय्यालाल दोघांनी मिळून विमलाबाईला उचललं आणि चिखलातून चढ चढायला लागले. हर्षा पुढं धावली. मला बंद करायला कोणीच थांबलं नाही. गाठीवरचा हात सुटला होता, पट्टी सैल झाली, पाणी नावेत सांडायला लागलं. मी कोरडाच चालत राहिलो. बाई चढावर पोचली असेल नसेल, तेवढ्यात मी जाम झालो. माझा आवाज बंद पडला तेव्हा भैय्यालालचे पाय एकदा अडखळले, मी बघितलं. पण त्यानं मागं वळून पाहिलं नाही. बरोबर केलं त्यानं. वळला असता तर मीच त्याला शिव्या दिल्या असत्या.

मिस्त्री आला, माझं डोकं उघडलं नि मान हलवली. हे आता भंगारात द्या म्हणाला. भैय्यालालनं त्याला चहा पाजून वाटेला लावलं आणि मला इथं पळसाखाली आणून ठेवलं. आता तो दुसऱ्याच्या नावेवर कामाला जातो. माझा हिरवा रंग उडाला. पोरं माझे नट काढून भोवरे करतात. पंप गेला, पाइप तर कधीचाच गळून पडला. दिवसचे दिवस कोंबडीशिवाय कोणी माझ्याजवळ येत नाही, आणि कोंबडी काही मायेनं येत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी सायकल असेल, पंप असेल, गाय असेल, म्हातारं माणूस असेल. त्यांच्यावर माया करा, भरभरून करा. पण त्यांना काय सोसतं, काय सोसत नाही, हे आधी बघा. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या अंगावरून रोज एकदा हात फिरवून बघा. मऊ पडलेला पाइप त्या हाताला नक्की लागला असता.

काल पोळ्याची आदली संध्याकाळ होती. विमलाबाई आली, होय, विमलाबाईच. बरेच दिवस दवाखान्यात काढून ती परतली. डसलेल्या हाताची बोटं जरा वाकडी राहिलीत, एवढंच. त्याच हातात वाटी होती, तूप आणि हळद. भैय्यालाल मागं उभा होता. तिनं पदरानं माझी धूळ पुसली आणि त्याला विचारलं, कुठं कुठं लावू, कुठं नको?

"आता रबर कुठं हाय त्याले," भैय्यालाल म्हणाला. "कुठंबी लाव, बाई."

तिनं माझ्या डोक्याला लावलं, पाठीला लावलं, चाकाला लावलं. पाइप जिथं बसायचा ती जागा मात्र तिनं पदरानं पुसून कोरडी ठेवली. मग माझ्या कानाशी वाकली.

"चांद्या, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."